गालावरची रेघ

"हात हलवायचा नाही. चाक फिरवायचं."

शाळेत सुतारकाम शिकवताना हे वाक्य मी किती मुलांना सांगितलं असेल, देव जाणे. लेथवर लाकूड फिरतं, हत्यार जागच्या जागी राहतं, म्हणून गोलाई येते. निवृत्तीबरोबर हे वाक्यही निवृत्त होईल असं वाटलं होतं. पण नात मोठी झाली आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी पुन्हा तेच सांगू लागलो. फरक इतकाच की लाकडाऐवजी आता तिच्या हातात बांगडीएवढा रबरी टायर होता.

नातीला आम्ही चिमटी म्हणतो. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती. पुढे ती वाढली, नाव तेवढंच राहिलं. आता अकरा वर्षांची आहे आणि रिमोटच्या गाड्यांची शर्यत खेळते.

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. मोठ्या हॉलमध्ये राखाडी कार्पेट ताणून अंथरतात आणि त्यावर पट्ट्या टाकून वळणावळणाचा रस्ता आखतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांबीच्या गाड्या त्यावरून धावतात. चालवणारे एका उंच मंचावर हातात रिमोट घेऊन रांगेत उभे असतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत बोटांची. पण गाडी जमिनीला धरते ती चार टायरांनी, आणि टायर पाकिटातून काढला नि लावला असं होत नाही. आधी तो रिमवर बसवून आतून चिकटवायचा. नव्या रबराचा गुळगुळीतपणा घासून काढायचा. मग औषध लावायचं. औषध म्हणजे रबर मऊ करणारं तेलकट पाणी. सगळ्यांनी आयोजकांच्या एकाच बाटलीतलं वापरायचं, असा नियम. पण किती रुंद लावायचं, किती मुरू द्यायचं, कधी पुसायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पुसल्यावर औषध किती मुरलं ते चिमटी टायर मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायची. बोटाला कळत नाही ते तिथे कळतं, हा शोध तिचा. मी हसलो होतो. मग स्वतः टेकवून बघितला आणि हसणं थांबवलं.

सगळ्यात शेवटचं काम गोंदाचं. टायरची जी बाजू बाहेरून दिसते तिला चिमटी टायरचा गाल म्हणते. पुढच्या दोन टायरांच्या गालावर, अगदी कडेला, पटकन वाळणाऱ्या गोंदाची केसाएवढी रेघ गोल फिरवून घ्यायची.

"का घ्यायची?" मी विचारायचो. पाठांतर मला आवडत नाही, पण कारण तोंडपाठ असावं.

"कारण दिवसभर सगळ्यांच्या टायरांचं औषध कार्पेटवर उतरतं. संध्याकाळपर्यंत कार्पेट इतकं चिकट होतं की वळणावर गाडी घसरतच नाही. टायरची कड कार्पेटमध्ये रुतते आणि गाडी अडखळून उलटते. गोंद वाळला की कड टणक होते. टणक कड रुतत नाही, सरकते."

"आणि सकाळी?"

"सकाळी कार्पेट कोरडं. तेव्हा गोंदानं गाडी वळायला जरा कुरकुर करते. करू दे. फायनल संध्याकाळी असते."

चाक पेन्सिलीवर अडकवून ती डाव्या हातानं हळूहळू फिरवायची. उजवा हात टेबलाला टेकलेला, त्यातली गोंदाच्या नळीची सुई हललीच नाही अशी. रेघ पूर्ण होऊन सुरुवातीला मिळायची तेव्हा जोड सापडायचा नाही. पस्तीस वर्षं शिकवलं मी. असा हात दोनदा पाहिला, त्यातला एक घरातच निघाला.

तिचे वडील, म्हणजे माझे जावई, स्वतः लहानपणापासून ह्या गाड्या पळवायचे. बाहेर, डांबरावर. आता विमा कंपनीत आहेत. अपघात झालेल्या गाड्या तपासून चूक कुणाची ते ठरवणं, हे त्यांचं काम. माणूस वाईट नाही. मुलीवर जीव टाकतात. पण गाडी त्यांनी आणलेली, मोटर त्यांनी निवडलेली, रंगसुद्धा त्यांच्या आवडीचा. ती मंचावर गाडी चालवत असते तेव्हा मागून "ब्रेक, अगं ब्रेक" हेही त्यांचंच. तिचं म्हणावं असं काय, तर चार टायर. तेवढे तिनं जपले होते.

मोसमाच्या शेवटच्या शर्यतीआधी तिनं जेवताना विषय काढला.

"पप्पा, पुढच्या वर्षी टायर कायमचे माझे. तुम्ही मधे मधे औषध पुसता, टायरांवरचे गरम पट्टे काढता, तसं नाही करायचं."

"बरं बाई." जावई हसले. "फायनल तुझ्या टायरांवर एकदाही न उलटता पूर्ण कर. मग टायर तुझे. मी बोटही लावणार नाही."

"आणि उलटली तर?"

"तर टायर माझ्याकडे. तू फक्त चालवायचं."

"शब्द?"

"शब्द."

तिनं माझ्याकडे वळून बोट रोखलं. "आजोबा, तुम्हीपण हात लावायचा नाही. नाहीतर म्हणतील आजोबांनी केलं."

"मी खिशात हात घालून बसेन," मी म्हणालो.

"खिशातल्या खिशातपण सांगायचं नाही."

माझी मुलगी, चिमटीची आई, हसता हसता ठसकली. मी ह्या घरात मुलीकडे राहतो, बायको गेल्यापासून. जावयांनी मला कधी दुसऱ्याच्या घरात असल्यासारखं वाटू दिलेलं नाही, हेही सांगून ठेवतो. पण माणूस मुलीकडे राहतो तेव्हा बोलण्याआधी एक आवंढा जास्त गिळतो. तो गिळायची सवय कधी लागली ते कळत नाही.

शर्यतीच्या दिवशी हॉलमध्ये औषधाचा गोडसर वास होता. लांबलचक टेबलं, प्रत्येक टेबलावर दिवा, आणि दिव्याखाली बाप नि मुलं डोक्याला डोकं लावून. चिमटीनं आमच्या टेबलावर फडकं अंथरलं, टायर मांडले, पुढच्यांवर वेगळी खूण केली. मी खरोखरच खिशात हात घालून बसलो.

सकाळच्या फेरीत गाडी वळायला कुरकुरली. चिमटी पाचवी आली. शेजारच्या टेबलावरचा लंबू, तिच्याच गटातला पण तिच्या दीडपट उंचीचा मुलगा, येऊन म्हणाला, "ए चिमटे, तुझ्या गाडीला वळायला काठी देऊ का आजोबांची?"

"संध्याकाळी बघू कोण आडवं पडतं ते."

"बघू की."

जावयांना मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. त्यांनी पुढचं चाक दिव्याखाली धरलं. "गोंद नडतोय. बाबा, तुम्ही सांगा हिला. कड मोकळी केल्याशिवाय गाडी वळणार नाही."

मी चिमटीकडे बघितलं. तिनं ओठ घट्ट मिटले होते, मी काही बोलतो की काय म्हणून.

"टायर तिचे आहेत," मी म्हणालो.

"पप्पा, सकाळचं कार्पेट वेगळं, संध्याकाळचं वेगळं."

"अगं, मी तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून गाड्या चालवतोय."

"डांबरावर," ती म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता. बरोबर होतं तेच ती म्हणाली, आणि तेच लागलं. लंबूचे वडील ऐकत होते, ते हसले. जावईही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बरं, शहाणे," म्हणाले आणि चाक जागेवर ठेवलं.

दुपारी आम्ही दोघं डबा घेऊन बाहेर व्हरांड्यात बसलो. जावई म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या, मी बॅटरी लावतो." चिमटीनं खाता खाता मला वळणं समजावून सांगितली, बोटानं फरशीवर काढून. लांब सरळ रस्त्याच्या टोकाचं डावं वळण सगळ्यात वाईट, म्हणाली. तिथेच पलट्या होणार. "पण माझी नाही होणार."

दुपारनंतर तसंच झालं. एकामागून एक गाड्या त्या वळणावर उताण्या पडू लागल्या, चाकं हवेत, झुरळासारखी. कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसांना त्या उचलून सरळ करता करता दम लागला. टेबलाटेबलावर गोंदाच्या नळ्या निघाल्या. लंबूचे वडीलही मान खाली घालून रेघ ओढत होते. मी चिमटीला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, "खिशात हात, आजोबा." पण चेहरा उजळला होता.

मग ती टायर तयार करायला बसली. औषध लावलं, पुढच्यांना आतल्या अर्ध्याच भागाला, बाहेरची कड कोरडी ठेवून. ते नीट मुरावं म्हणून वरून विजेवर तापणारे पट्टे गुंडाळले. वेळ झाली तसे पट्टे काढून एकेक टायर पुसला. पुढचा उजवा पुसताना तिचं फडकं थांबलं. तिनं चाक फिरवून बघितलं, अंगठा कडेवरून नेला. मग शेजारी बॅटरी लावत असलेल्या वडिलांकडे एकदा बघितलं. मला वाटलं, औषध जास्त झालं असेल. तिनं फडकं पुन्हा फिरवलं, चाकं लावली आणि गाडी उचलून निघाली. टायर मनगटाला टेकवायला ती विसरली.

फायनलमध्ये तिची गाडी सुटली ती बघत राहावी अशी. वळायला कुरकूर नाही, काही नाही. दोन वळणांत ती तिसरी झाली. जावई मंचामागून म्हणाले, "बघितलंत बाबा, कशी वळतेय?" तेवढ्यात लांब रस्ता संपला, डावं वळण आलं. गाडी आत शिरली, बाहेरचं पुढचं चाक रुतलं आणि गाडी कोलांटी घेऊन उताणी पडली. कुणीतरी सरळ केली. दुसऱ्या फेरीत त्याच जागी पुन्हा. तिसऱ्या वेळी पट्टीवर आदळून गाडीचं पुढचं चाक धरणारा दांडा तुटला. चिमटीनं रिमोट खाली केला आणि बाकीच्यांची शर्यत संपेपर्यंत मंचावर तशीच उभी राहिली. मधून उतरायचं नाही, असा नियम आहे.

गाडी कोपऱ्यातल्या माणसानं आणून दिली ती माझ्या हातात. आता हात लावायला हरकत नव्हती. पुढच्या उजव्या टायरच्या गालावर रेघ नव्हती. जिथे होती तिथे बारीक ओरखडे होते, एकाशेजारी एक, सगळे एकाच दिशेनं. गोंद आपोआप सुटतो तेव्हा सालीसारखा सुटतो. हा ब्लेडनं खरवडला होता. दुसराही तसाच. कडेच्या खाचेत गोंदाचा पांढरा भुसा अजून होता.

मी गाडी जावयांसमोर ठेवली. त्यांनी बघितली. रोज तुटक्या गाड्या बघणारा माणूस, त्याला काय दाखवायचं?

"सकाळी वळत नव्हती, तुम्हीही बघितलंत," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, तिला मदत होईल. तिला जिंकायचं होतं."

"तिला उलटायचं नव्हतं."

"बाबा, इथे नको."

"मग तिला सांगा."

"सांगतो. घरी गेल्यावर सांगतो."

तेवढ्यात लंबूचे वडील आले. त्यांचा मुलगा दुसरा आला होता. "काय हो, काय झालं? चांगली चालली होती."

जावयांनी गाडी उलटी करून टायर खाली दडवले. "टायर," ते म्हणाले. "मुलांच्या हातचं काम. चालायचंच."

चिमटी मंचावरून उतरून मागे येऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं, ती टेबलावरच्या फडक्याची घडी घालत होती. लंबू म्हणाला, "गालाला गोंद लावायला विसरलीस काय गं?" चिडवत नव्हता तो. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"हो," चिमटी म्हणाली. "विसरले."

घरी जाताना गाडीत कुणी बोललं नाही. मी मागे चिमटीशेजारी बसलो होतो आणि पुढच्या आरशात जावयांचे डोळे बघत होतो. आता बोलतील, सिग्नलला बोलतील, पूल ओलांडला की बोलतील. विमा कंपनीसाठी ह्या माणसानं किती लोकांकडून कबुली घेतली असेल. स्वतःची एक ओळ त्यांना जमेना.

दार मुलीनं उघडलं. तिघांचे चेहरे बघून तिनं आधी चिमटीच्या हातातून टायरांची पेटी घेतली. "काय झालं?"

जावई वाकून बुटांची नाडी सोडत होते. ती सुटायला बराच वेळ लागत होता. मी थांबलो. त्यांनीच सांगायला हवं होतं, हे मला आजही वाटतं. दारातल्या दिव्याखाली आम्ही चौघं, आणि एक साधं वाक्य, जे त्यांनी म्हटलं असतं तर सगळं तिथल्या तिथे धुऊन निघालं असतं.

"माझी रेघ नीट बसली नव्हती, आई," चिमटी म्हणाली. "म्हणून उलटली."

"असू दे गं. पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी पप्पा करणार आहेत. तसं ठरलंय."

जावयांनी दुसरा बूट काढला, दोन्ही शेजारी शेजारी नीट लावले आणि आत गेले. आपलेच दात, आपलेच ओठ. मी तरी कुणाला चावणार होतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी-जावई बाहेर गेले तेव्हा मी ठरवलं की आता पुरे. मुलाची चूक नसताना ती त्याच्या माथी राहिली तर ते मूल पुढे प्रत्येक बरोबर कामावर शंका घेतं. हे मी वर्गात पाहिलेलं आहे. मी तो टायर काढला आणि टेबलावर तिच्यापुढे ठेवला.

"अंगठा फिरव. काय लागतं सांग."

तिनं टायरकडे बघितलंसुद्धा नाही. "ब्लेडचे ओरखडे."

"मग तुझी रेघ..."

"मला माहीत आहे, आजोबा. पुसतानाच कळलं होतं."

"तेव्हाच का नाही बोललीस? गोंद होता, वेळ होता. पुन्हा ओढली असतीस."

ती खुर्चीच्या कडेचा निघालेला पापुद्रा नखानं काढत होती. "मला वाटलं, पप्पांनी केलंय म्हणजे काहीतरी बघूनच केलं असेल. मी 'डांबरावर' म्हटलं ते त्यांना आवडलं नव्हतं. आणि पुन्हा ओढली असती तर लंबूच्या बाबांसमोर त्यांना परत तसं वाटलं असतं."

"पण तुला ठाऊक होतं गाडी उलटणार."

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे हो." मग तिनं डोळे वर केले. "तुम्ही आईला सांगू नका हं. पप्पांना वाटतंय मला माहीत नाही."

"अगं, चूक त्यांची आहे."

"तुम्हीपण गाडीत काही बोलला नाहीत," ती म्हणाली. तिनं ठपका ठेवला नव्हता. टायर किती मुरला ते सांगावं तसं सांगितलं.

मी तिला कारणं तोंडपाठ करायला शिकवलं होतं. माझ्या गप्प बसण्याचं कारण तिनं मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? तिनं विचारलं नाही. टायर उचलून पेटीत ठेवला, गोंदाची सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही तुमच्याकडे ठेवा. पप्पांना लागेल तेव्हा द्या."

नवा मोसम सुरू झाला. ठरल्याप्रमाणे टायर जावयांकडे गेले. त्यांनी ते मनापासून केले, हे मान्य करायला हवं. संध्याकाळच्या कार्पेटला गोंद लागतो हे त्यांना आता पक्कं कळलं होतं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून, जीभ दातांत धरून ते बसायचे. चाक एका हातात घट्ट धरायचे आणि सुई त्याच्याभोवती फिरवायचे. एक-दोनदा मी म्हणालो, "चाक फिरवून बघा." ते म्हणाले, "जमतंय की असंच."

परवा रेघ पूर्ण झाल्यावर त्यांनी चाक दिव्याखाली धरलं. एके ठिकाणी गोंद कडेवरून उतरून थेंबासारखा साठला होता, पुढे बोटभर रेघ अगदी पुसट. अशी कड एका बाजूनं सरकते, दुसऱ्या बाजूनं रुतते.

"कशी झालीय, शहाणे?"

चिमटी दप्तर भरत होती. ती जवळ आली, वाकली. मी तिचे डोळे बघत होतो. ते रेघेवरून फिरले आणि जिथे थांबायला हवे तिथेच, त्या थेंबावर, थांबले. मग पुसट भागावर थांबले.

"छान झालीय, पप्पा."

"बघा," जावई खूश होऊन माझ्याकडे वळले. "बाबा, तुम्ही सांगा."

ह्या वेळी मी आवंढा गिळला नाही. "इथे जरा हात हललाय," मी म्हणालो. "थेंब आलाय बघा."

जावयांचा चेहरा उतरला. त्यांनी चाक डोळ्यांजवळ नेलं, एकदा माझ्याकडे, एकदा लेकीकडे बघितलं.

"कुठे काय?" चिमटी म्हणाली. "आजोबांना आता बारीक दिसत नाही, पप्पा."

तिचा आवाज जराही हलला नव्हता. जावई हसले. "चष्म्याचा नंबर बघून घेऊ या तुमचा," म्हणाले, आणि ते चाक वाळायला खिडकीत ठेवून दुसरं हातात घेतलं. चिमटी दप्तराची चेन लावत राहिली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.